तक्ता क्रमांक चार

तृतीय वर्षाच्या वर्गात एकसष्ट मुलं होती, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून हजेरीला बासष्ट आवाज येऊ लागले.

डॉ. क्षितिजा साटम यांनी सुरुवातीला ते मनावर घेतलं नाही. विरारच्या कॉलेजात तेवीस वर्षं शिकवल्यावर दुसऱ्याच्या नावाने हजर राहणाऱ्या मुलांचं कौतुक उरत नाही. एकच मुलगा तीन आवाजांत 'प्रेझेंट मॅडम' म्हणतो आणि तिन्ही वेळा त्याचा चेहरा तितकाच प्रामाणिक असतो. पण हा बासष्टावा आवाज कुठल्याही नावाला येत नव्हता. एकसष्टावं नाव घेऊन झालं, बाईंनी वही मिटली, की खिडकीकडच्या मागच्या बाकांवरून तो यायचा. 'प्रेझेंट' नाही, 'येस' नाही. नुसतं "ओ." घरातून कुणी हाक मारावी आणि खाली पाण्याशी उभ्या असलेल्या माणसाने दिलेली ओ जेवढी पोचेल, तेवढीच.

"कोण ते?" क्षितिजाबाईंनी विचारलं.

"कोण काय मॅडम?" पहिल्या बाकावरच्या अश्लेषाने विचारलं. ही मुलगी नोट्स घेत असे, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवणं भाग होतं.

"काही नाही. लिहून घ्या. लिंग निसर्ग देतो, लिंगभाव समाज देतो."

मुलांनी लिहून घेतलं. कॉलेजात मानववंशशास्त्राला स्वतःची खोली नव्हती, ते समाजशास्त्राच्या खोलीत पोटभाडेकरूसारखं राहत होतं. क्षितिजाबाईंचा पेपर होता 'संस्कृती आणि लिंगभाव'. अमुक बेटावर बाळंतीण कामाला जाते आणि नवरा कण्हत पडून राहतो, तमुक डोंगरात बायका शिकारीला जातात, हे सगळं मुलं सहानुभूतीने ऐकत. मग प्रकरण पाच यायचं, आणि प्रकरण पाचात खुद्द क्षितिजाबाई होत्या.

पंचवीस वर्षांपूर्वी पीएचडीसाठी त्या दीड वर्ष वसईच्या पाचूबंदरला, कोळ्यांच्या वस्तीत, जाऊन-येऊन राहिल्या होत्या. या प्रकाराला शास्त्रात सहभागी निरीक्षण म्हणतात. म्हणजे लोकांच्या ओट्यावर बसायचं, त्यांचा चहा प्यायचा, आणि मग त्यांच्याबद्दल जे लिहायचं ते तिसऱ्याच माणसाला कळेल अशा भाषेत लिहायचं. त्यातून 'किनारा तिचा, दर्या त्याचा' हे पुस्तक झालं. लिलाव बाईचा, बाजार बाईचा, घरातला शेवटचा शब्द बाईचा, पण बोटीवर बाई चढत नाही, असा त्याचा सारांश. सगळी इमारत तक्ता क्रमांक चारवर उभी होती. 'बोटीवर जाणाऱ्या व्यक्ती, लिंगानुसार.' पुरुष : एकशे त्र्याऐंशी. स्त्रिया : शून्य.

संशोधनात एवढं स्वच्छ शून्य सहसा सापडत नाही. ते शून्य तीन खंडांतल्या लेखांमध्ये जाऊन आलं होतं. क्षितिजाबाईंची नोकरी त्याच्यावर लागली, आणि येत्या सप्टेंबरात पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती, एका परदेशी विदुषींच्या प्रस्तावनेसह. मुखपृष्ठावर निळ्या पाण्यात एक मोठं पांढरं शून्य तरंगत ठेवायचं, अशी चित्रकाराची कल्पना होती. क्षितिजाबाईंनी ती मंजूर केली, त्याच आठवड्यात वर्गात पहिल्यांदा ओ आली होती. हा योगायोग त्यांच्या लक्षात आला होता, आणि त्यांनी तो लक्षात न आल्यासारखा बाजूला ठेवला होता. त्यांना त्याची सवय होती.

त्यांचे यजमान विलास बँकेतून लवकर निवृत्त झाले होते आणि सध्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवत होते. नातेवाइकांच्या मुंजी, बारशी, एका मामांचं दोन तासांचं सत्यनारायणावरचं भाष्य, असं सगळं उतरवून झाल्यावर त्यांनी माळ्यावरची बायकोची 'फील्ड'ची पेटी उघडली.

"क्षिती, ही पोरगी कोण गं?" रविवारी सकाळी त्यांनी कानावरचे हेडफोन काढत विचारलं.

"कुठली पोरगी?"

"ही बघ. वेष्टनावर लिहिलंयस, पाचूबंदर, तांडेलाची वहाण, पहाट."

"हाक म्हण. वहाण काय?"

"तुझं अक्षर बघता काहीही असू शकतं." त्यांनी बटण दाबलं.

आधी पाणी लाकडावर आपटत होतं. मग बोटीच्या म्होरक्याचा, तांडेलाचा, भरदार आवाज आला. "पास्कू!" "ओ!" "मार्शल!" "ओ!" थोडा वेळ नुसतं पाणी. मग तोच आवाज, जरा खाली उतरलेला. "ऑस्टिन!"

"ओ."

"ऑस्टिनचा गळा काय गोड आहे," विलास म्हणाले. "चर्चमध्ये गायचा का?"

क्षितिजाबाईंनी हात पुढे करून बटण दाबलं. गेले तीन आठवडे खिडकीकडच्या बाकांवरून येणारी ओ हीच होती.

त्यांनी पेटीतून वही काढली. मानववंशशास्त्रात माणसांची चित्रं काढत नाहीत. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, मेलं की वर तिरकी रेघ, एवढ्यात माणूस आटोपतो. ऑगस्टीन तांडेलाच्या बोटीचं पान त्यांना न शोधता सापडलं. पास्कू, त्रिकोण. मार्शल, त्रिकोण. ऑस्टिन, त्रिकोण. या तिसऱ्या त्रिकोणाखालचा कागद खोडरबराने घासून फुलला होता, आणि त्या फुललेल्या कागदावर एक वर्तुळ दिसत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ते पुसलं तेव्हा इतकं ठळक नव्हतं.

ऑस्टिन हा ऑगस्टीन तांडेलाचा मुलगा. त्या सालच्या गणपतीतच तो बहारिनला एका जहाजावर कामाला गेला होता. बोटीवर माणूस कमी पडला. घरात एकोणीस वर्षांची एलिना होती. तिला जाळं कळत होतं, वारा कळत होता, आणि भावाची टोपी बरोबर बसत होती. बोटीवर चढताना तांडेल नाव घेऊन हाक मारतो, ओ आली की तो माणूस चढतो. मुलीच्या नावाने हाक मारणं शक्यच नव्हतं. म्हणून ऑगस्टीनने मुलाचं नाव घेतलं आणि मुलीने ओ दिली. बंदरावर टेपरेकॉर्डर घेऊन उभ्या असलेल्या संशोधिकेकडे बघून ती टोपीखाली हसली होती. आदल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "ताई, सगल्यांचं लिवता, माझं बी लिवा हां. माझ्या नावानं."

क्षितिजाने वहीत लिहिलंही होतं, पेन्सिलीने, वर्तुळ काढून. मार्गदर्शक सरांनी ते बघितलं. एकशे ब्याऐंशी त्रिकोणांत हे एक वर्तुळ कशाला, असं त्यांनी प्रेमाने विचारलं. "अपवाद तळटीपेत जातात, आणि तळटिपा लांबल्या की परीक्षक चिडतात. शिवाय लोक स्वतः काय म्हणतात? ऑस्टिन म्हणतात ना? मग आपण कोण?" लोकांच्या म्हणण्याचा हा आदर क्षितिजाला फार पटला. तिने खोडरबर घेतलं.

एकशे त्र्याऐंशी. शून्य.

मंगळवारी कॉलेज सुटल्यावर त्या पाचूबंदरला गेल्या. नव्या आवृत्तीसाठी एक नवं प्रकरण लिहायचंय, असं त्यांनी विलासना सांगितलं आणि रिक्षात बसल्यावर स्वतःलाही सांगून बघितलं.

रोझी दारातच जवळा निवडत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पाठ वाकलेली, सुपातली बोटं मात्र तशीच चपळ. आत खाटेवर ऑगस्टीन समुद्राकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसला होता.

"आलीस?" रोझी म्हणाली. क्षितिजा जणू बाजारातून येत होती. "बस. केस पिकलं की गो तुजं."

"ओळखलंत मावशी?"

"तुजा फोटो हाय ना पुस्तकामागं. मच्छीमार मंडळाच्या कपाटात ठेवलंय, येसूच्या तसबिरीखालच्या फळीवर."

क्षितिजाबाई ओट्यावर बसल्या. जागा तीच होती. "एलिना कुठे असते हल्ली?" त्यांनी विचारलं. प्रश्नावलीतला प्रश्न विचारावा तसाच आवाज निघाला, आणि तो त्यांनाच आवडला नाही.

"तूच सांग. कोन कुठं असतं ते तूच लिवतेस."

सुपातला जवळा खालीवर होत राहिला. मग रोझीने सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. पुस्तक आलं त्याच्या पुढच्या साली, सप्टेंबरात, वादळात बोट सापडली. तीन माणसं परत आली. ऑगस्टीन बंदरावर उतरला तो गप्प. विचारलं तेव्हा म्हणाला, पोरगी बोटीवर नव्हतीच, मालाडच्या कुना पोराबरोबर पळाली असेल. बाई बोटीवर नेली हे कबूल केलं असतं तर त्याच्या बोटीला पुन्हा कुणी हात लावला नसता. पास्कू आणि मार्शल तांडेलाच्या शब्दाबाहेर नव्हते. बोटीवर बुडाला असेल तर ऑस्टिन, आणि ऑस्टिन तर बहारिनहून दर महिन्याला फोन करत होता. म्हणजे कुणीच बुडालं नव्हतं.

"मी मंडळात गेली. बोलली, माजी पोर दर्यात गेली, क्रॉसाजवळ तिला हाक मारा. तर त्यांनी पुस्तक काढलं. ते तक्ता का काय ते दाखवलं मला. 'रोझीबाय, शिकलेली बाई दीड वरीस हितं राहून मोजून गेली. बाई बोटीवर जातच नाय. हे बघ. शून्य.'" रोझीने सूप खाली ठेवलं. "आमच्या पोरी काय करतात ते आमालाच तुज्या पुस्तकात वाचून दाखवलं, बाय."

क्षितिजाबाईंना काहीतरी बोलायचं होतं. त्यांच्या विषयात याला एक शब्दही होता, पण तो या ओट्यावर म्हणण्यासारखा नव्हता.

"ही हाक मारतात म्हणजे काय?" त्यांनी शेवटी विचारलं. "मी तेव्हा कधी ऐकलं नाही."

"तू पावसात कवा राहिलीस? पावसाला संपून बोटी सुटायच्या आधीच्या रविवारी असतं. दर्यानं घेतलेल्यांना एकेकाला हाक मारायची, घरच्यानं ओ द्यायची. मग ते निजतात."

"आणि हाकच मारली नाही तर?"

"मग कुनाच्या बी हाकंला ओ देतात. सवय असते ना त्यांना ओ द्यायची." तिने क्षितिजाबाईंकडे नीट बघितलं. "तुला पन देते वाटतं."

आत खाट करकरली. रोझीने सूप पुन्हा हातात घेतलं.

"पहिली हाक चढताना बघितलेल्यानं मारायची, असा नेम हाय. पास्कू न् मार्शल आता सोताच यादीत हायत. ह्यो बसलाय भिंतीकडं तोंड करून. एकवीस वरसं कुनाला ओ दिली नाय त्यानं. जेवायला बोलवायचं तर मी ताटली वाजवते. आन् चौथी तू. घरी येऊन सांगितलं होतं मला पोरीनं, 'आये, ताईच्या वहीत माजं नाव आलं.'"

"मावशी, मी दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करते," क्षितिजाबाई घाईने म्हणाल्या. "तळटीप देते. स्पष्ट."

"तलटीप म्हंजे कुठं?"

"पानाच्या खाली. बारीक अक्षरात."

"खालीच हाय ती, बाय," रोझी म्हणाली. "एकवीस वरसं खालीच हाय. तू वर काढ."

पुढचे तीन आठवडे क्षितिजाबाईंनी हजेरी घेतली नाही. एका कागदावर सह्या घ्यायला लावल्या, त्यामुळे मुलांमध्ये त्यांच्याबद्दल आदर वाढला. कागद परत आला की त्या सह्या मोजत. एकसष्ट. खाली एक ओळ रिकामी, आणि त्या ओळीवर कागद ओला. घामाच्या हातांचा काळ आहे, असं त्यांनी ठरवलं. प्रकाशकांनी मुखपृष्ठ पाठवलं. निळ्या पाण्यातलं पांढरं शून्य छान आलं होतं. बराच वेळ बघितलं तर ते वरून दिसणाऱ्या टोपीसारखं वाटायचं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"तू सांगणारेस का?" विलासनी विचारलं. त्यांना सगळं सांगून झालं होतं.

"सांगितलं तर पुस्तक गेलं. नुसता आकडा चुकला असता तर गोष्ट वेगळी. मी बघून खोडलंय."

"मग नको सांगू," विलास म्हणाले. ते बत्तीस वर्षं बँकेत होते, त्यांना माणसं कशी बोलती करायची ते ठाऊक होतं. "काढू हे घर विकायला? वसईच्या किनाऱ्यापासून लांब जाऊ. देशावर. तिथे कुठून ओ येणार?"

"तिथेही वर्ग असतात, विलास."

ऑगस्टमधल्या त्या रविवारी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर बंदरावरच्या क्रॉसभोवती दीडशेक माणसं जमली होती. बोटींना रंग लागला होता, पताका बांधल्या होत्या. मंडळाचा सेक्रेटरी ॲलिस्टर यादी घेऊन उभा होता. एकवीस वर्षांपूर्वी तो नुकताच सेक्रेटरी झाला होता आणि रोझीला पुस्तक उघडून त्यानेच दाखवलं होतं. त्याने क्षितिजाबाईंना बघून खुर्ची मागवली.

"मॅडम, बसा, बसा. आमच्याकडे आता पोरं कॉलेजात तुमचंच पुस्तक शिकतात."

"मी उभी राहते."

हाका सुरू झाल्या. एकेक नाव, आणि गर्दीतून एकेक ओ. बायकोची, मुलाची, नातीची. पास्कूच्या नावाला त्याच्या सुनेने दिली. मार्शलच्या नावाला त्याच्या भावाने. ॲलिस्टरने यादीची घडी घातली.

"संपलं," तो म्हणाला.

"ओ."

बोटींच्या पलीकडून, पाण्याकडून आली. क्षितिजाबाईंनी मान वर केली आणि त्यांना दिसलं की या वेळी ती त्यांना एकट्यांनाच ऐकू आलेली नाही. दीडशे माणसांनी ऐकलं होतं. एकानेही पाण्याकडे बघितलं नाही. कुणी मुलाच्या शर्टाचं बटण लावलं, कुणी चपलेचा पट्टा ओढला, ॲलिस्टर यादीची केलेली घडी पुन्हा करत राहिला. म्हणजे दर वर्षी यायची. एकवीस वर्षं ही सगळी माणसं ती ऐकत होती, आणि ऐकली नाही असं ठरवण्यात पटाईत झाली होती. क्षितिजाबाईंना आपल्याच विषयाच्या परिषदेत उभं असल्यासारखं वाटलं.

त्या क्रॉसपाशी गेल्या. हातात वही होती, ती त्यांनी उघडली नाही.

"एक नाव राहिलंय. मी तिला चढताना बघितलंय."

"मॅडम, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय की..."

"तक्ता क्रमांक चार चुकला आहे."

"म्हणजे छपाईची चूक?" ॲलिस्टरने आशेने विचारलं. दीडशे माणसांच्या सोयीची वाट होती ती, आणि त्यांच्याही.

रोझी पहिल्या रांगेत होती. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर ऑगस्टीन होता, त्याला दोघांनी उचलून आणून बसवलं होतं, आणि त्याने खुर्ची वळवायला लावून समुद्राकडे पाठ केली होती.

"नाही," क्षितिजाबाई म्हणाल्या. "मी खोटं लिहिलं. पुस्तक खोटं आहे. ती बोटीवर जायची. ऑस्टिनच्या नावाने चढायची. मी तिथे, त्या पायरीवर उभी होते. तिने मला नाव लिहायला सांगितलं होतं, आणि मी लिहिलेलं पुसलं."

कुणीतरी मागे म्हणालं, "आता कशाला..." आणि वाक्य तसंच टाकून दिलं.

क्षितिजाबाईंनी कुणाला मोठ्याने हाक मारल्याला कित्येक वर्षं झाली होती. हजेरीचा आवाज वेगळा आणि हाकेचा वेगळा, हे त्यांना तोंड उघडल्यावर कळलं. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. मग त्यांनी पाण्याकडे तोंड केलं.

"एलिना!"

रोझीने पदर तोंडाला लावला होता. तिने नवऱ्याचा खांदा धरला आणि हलवला. "तू," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "दुसऱ्याच्या नावानं बोलवलीस तिला. आता तिच्या नावानं तूच दे."

ऑगस्टीनने खुर्ची वळवायला सांगितलं नाही. तो स्वतःच दोन्ही हातांनी हत्ते दाबत वळला, अर्धा, मग पूर्ण. पाण्याकडे बघायला त्याला डोळे बारीक करावे लागले.

"ओ," तो म्हणाला.

बोटींवरच्या पताका फडफडत होत्या. बाकी काही आलं नाही. लोक वाट बघत उभे राहिले, आपण वाट बघतोय हे एकमेकांना दिसू देत. मग ॲलिस्टरने खिशातून पेन काढलं आणि यादीची घडी उलगडली.

सोमवारी क्षितिजाबाईंनी वर्गात हजेरी घेतली. एकसष्ट नावं, एकसष्ट आवाज, त्यातले पाचसहा खोटे. वही मिटून त्या खिडकीकडे बघत थांबल्या.

"मॅडम, काही राहिलं का?" अश्लेषाने विचारलं.

"नाही. प्रकरण पाच सोडून द्या. परीक्षेला नाही."

वर्गात आनंद झाला.

प्रकाशकांचा फोन संध्याकाळी आला. मुखपृष्ठ छापून तयार आहे, असं ते म्हणाले. बाई म्हणतात तसा पुस्तकाचा मुद्दाच बदलायचा तर पुरावा लागेल, परदेशी विदुषी पुराव्याशिवाय प्रस्तावनेत एक स्वल्पविरामही बदलणार नाहीत. आहे, कॅसेट आहे, बाई म्हणाल्या. आणि वहीसुद्धा आहे.

विलास संगणकापाशी बसले होते. त्यांनी हेडफोन काढून बायकोकडे धरले. "मी हात लावलेला नाही हां," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो."

पाणी लाकडावर आपटत होतं. "पास्कू!" "ओ!" "मार्शल!" "ओ!" मग तांडेलाचा उतरलेला आवाज. "ऑस्टिन!"

पाणी. पुन्हा पाणी. मग कॅसेटची बाजू संपल्याचा खटका.

त्यांनी मूळ कॅसेट लावून बघितली. तिथेही पाणीच होतं. त्यांनी वही उघडली. ऑगस्टीन तांडेलाच्या पानावर तिसऱ्या जागी खोडरबराने फुललेला कागद होता, आणि त्यावर ना त्रिकोण होता ना वर्तुळ.

"आता गं?" विलासनी विचारलं. "पुरावा तर गेला झोपायला."

क्षितिजाबाईंनी वही मिटली. मग त्यांनी पुस्तकाची जुनी प्रत समोर ओढली, तक्ता क्रमांक चारवर आडवी रेघ मारली, आणि समासात, तळाशी नाही, मधोमध, शाईच्या पेनाने लिहायला घेतलं. मी पाहिलं. तिचं नाव एलिना.